यंत्राच्या नाकाचा पासंग

भिवंडीत सुताचा व्यवहार वजनावर चालतो. गोणी काट्यावर चढण्याआधी घेणाऱ्याची नजर रिकाम्या काट्याकडे जाते. काटा शून्यावर आहे ना? जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत पारडी सारखी नसली, की हलक्या बाजूला एखादा खडा बांधून तराजू समतोल करीत. त्यालाच पासंग म्हणत. पण पासंग काढला म्हणजे काम संपले असे नाही. वजनेही वापरून झिजतात, आणि झिजलेल्या किलोने तोललेला माल किलोभर भरत नाही. म्हणून वैध मापन खात्याचे निरीक्षक काटे आणि वजने ठरावीक मुदतीने तपासतात व त्यांच्यावर शिक्का मारतात.

सूत तोलताना घेतली जाणारी ही काळजी हवा तोलताना आपण घेतो का?

हवेतील वायू ओळखणारे छोटे संवेदक आता काहीशे रुपयांपासून मिळतात. ते विजेच्या खांबावर, शाळेच्या गच्चीवर किंवा गोदामाच्या भिंतीवर लावता येतात. भिवंडीसारख्या गावाला त्यांची गरज आहे. कामवारी नदीच्या काठच्या या गावात कित्येक लाख यंत्रमाग आहेत. सुताला खळ चढवणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या बॉयलरांत लाकूड आणि कोळसा जळतो. ठाण्याकडून येणाऱ्या रस्त्यांलगत काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांत गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या ट्रकांचा डिझेलचा धूर आहेच. मागांचे कारखाने आणि घरे यांच्यात पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते. अशा गल्लीतील हवा कशी आहे, हे तेथे राहणाऱ्यांना समजायलाच हवे.

सरकारी मापन केंद्रातील यंत्रे नेमकी असतात. त्यांत नायट्रोजन डायऑक्साइडचे मापन रासायनिक प्रकाशनिर्मितीने, तर कार्बन मोनॉक्साइडचे अवरक्त किरणांच्या शोषणाने होते. पण या यंत्रांना वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि तज्ज्ञ माणूस लागतो. खर्चही मोठा असतो, त्यामुळे गल्लोगल्ली अशी केंद्रे उभारता येत नाहीत. ती पोकळी स्वस्त संवेदकाने भरावी, अशी अपेक्षा असते. मात्र त्याच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी, की त्याचे माप हळूहळू सरकत जाते. याला तंत्रज्ञ ड्रिफ्ट म्हणतात. आपण त्याला 'ढळ' म्हणू. दुसरी अडचण विजेची. खांबावरच्या बॅटरीवर तो महिनोन्‌महिने चालायला हवा. या दोन अडचणी वरवर वेगळ्या दिसतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि तो गुंता कसा सोडवायचा हे या लेखात पाहायचे आहे.

दोन प्रकारची नाके

पहिला प्रकार धातूच्या ऑक्साइडचा. १९६२ साली जपानमध्ये सेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तापवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा विद्युतरोध आसपासच्या वायूनुसार बदलतो. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडचा संवेदक तयार केला. पुढे १९६९ मध्ये त्यांनी फिगारो ही कंपनी काढली. स्वयंपाकघरातील गॅसगळतीच्या इशारायंत्रांतून हा संवेदक घरोघरी पोचला.

त्याचे काम असे चालते. टिन ऑक्साइडचे बारीक कण एका छोट्या तापकावर पसरलेले असतात. तापमान ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की हवेतील ऑक्सिजन या कणांच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि कणांतील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. वाहून नेण्यास इलेक्ट्रॉन कमी उरल्याने रोध वाढतो. आता हवेत कार्बन मोनॉक्साइड किंवा स्वयंपाकाचा गॅस आला, तर तो चिकटलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. धरलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध कमी होतो. किती कमी झाला यावरून वायूचे प्रमाण काढायचे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोणता वायू आला हे संवेदकाला नीटसे कळत नाही. ऑक्सिजन ओढून नेणारा कोणताही वायू त्याला जवळपास सारखाच वाटतो.

दुसरा प्रकार विद्युत्-रासायनिक घटाचा. हा एक इवलासा विजेरी घटच असतो. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू आत शिरून एका इलेक्ट्रोडवर पोचतो, पाण्याच्या साहाय्याने त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि दोन इलेक्ट्रॉन सुटतात. दुसऱ्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा पाणी तयार करतो. जितके रेणू आत येतील तितका प्रवाह वाहतो. म्हणजे संवेदनेची शक्ती वायूच पुरवतो. बाहेरून तापवण्याची गरज नाही. मात्र हा प्रवाह अतिशय सूक्ष्म असतो. शहरी हवेतील नायट्रोजन डायऑक्साइडच्या प्रमाणाला तो दहा-वीस नॅनोअँपियरच्या घरात भरतो. एक नॅनोअँपियर म्हणजे अँपियरचा एक अब्जांश भाग.

माप का ढळते?

तापलेल्या टिन ऑक्साइडचे कण काळानुसार एकमेकांत मिसळून मोठे होतात. त्यामुळे वायूला सापडणारा पृष्ठभाग कमी होतो. हवेतील काही पदार्थ त्या पृष्ठभागावर कायमचे बसतात. सिलिकोनची वाफ त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध. तापलेल्या पृष्ठभागावर तिचे विघटन होऊन वाळूसारखा सिलिकाचा थर जमतो आणि संवेदक आंधळा होत जातो. कापडाला मऊपणा आणण्यासाठी जे फिनिशिंग देतात, त्यात सिलिकोन वापरले जाते, हे कापडाच्या गावाने विशेष ध्यानात ठेवावे. गंधकाची संयुगेही त्रास देतात. शिवाय मागांमधून उडणारे कापसाचे तंतू संवेदकाच्या जाळीवर बसून हवेची वाटच अडवतात.

विद्युत्-रासायनिक घटात आम्लाचा द्राव असतो. मे महिन्याच्या कोरड्या उकाड्यात त्यातील पाणी कमी होते. जुलैत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर जाते आणि द्राव हवेतील ओलावा शोषून घेतो. इलेक्ट्रोडवरील उत्प्रेरकाचा कसही वर्षागणिक उतरतो. तापमान वाढले, की वायू मुळीच नसतानाही थोडा प्रवाह वाहू लागतो.

ढळ किती घातक, हे आपण काय मोजतो यावर ठरते. स्वयंपाकाच्या गॅसचे हवेतील प्रमाण सुमारे दोन टक्के झाले, की तो पेट घेऊ शकतो. इशारायंत्र त्याच्या एक दशांशावर वाजायला लावले, तर ते प्रमाण दशलक्ष भागांत २००० भाग होते. आता नायट्रोजन डायऑक्साइड पाहा. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दशलक्ष भागांत सुमारे ०.०४ भाग. दोन्हींत पन्नास हजार पटींचे अंतर आहे! गॅसच्या इशारायंत्राचे माप दशलक्षात एखाद्या भागाने सरकले, तरी कोणाचे काही बिघडणार नाही. हवा तपासणाऱ्या संवेदकाचे माप त्याच्या विसाव्या हिश्शाने सरकले, तरी सगळे मापन व्यर्थ ठरते.

विजेचा हिशेब

आता दुसरी अडचण. कार्बन मोनॉक्साइडसाठी शाळा-महाविद्यालयांत सर्रास वापरला जाणारा एमक्यू-७ हा संवेदक घेऊ. त्याच्या तापकाचा रोध सुमारे ३३ ओहम आहे. तापकाला ६० सेकंद ५ व्होल्ट आणि पुढचे ९० सेकंद १.४ व्होल्ट द्यायचे, असे त्याचे वेळापत्रक असते. विद्युतदाबाच्या वर्गाला रोधाने भागले, की शक्ती मिळते, हे दहावीचे विद्यार्थी जाणतात.

पाच व्होल्टला २५ भागिले ३३, म्हणजे ०.७६ वॅट. १.४ व्होल्टला १.९६ भागिले ३३, म्हणजे ०.०६ वॅट. दोन्ही टप्प्यांची १५० सेकंदांवरील सरासरी ०.३४ वॅट येते. दिवसाचे सुमारे ८ वॅट-तास झाले. लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तशा एका लिथियम घटात साधारण ९ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे एक घट जेमतेम एक दिवस पुरेल. तापक सतत पाच व्होल्टवर ठेवला, तर अर्ध्या दिवसातच घट संपेल.

मग तापक क्षणभरच पेटवला तर? फिगारोच्या एका कार्बन मोनॉक्साइड संवेदकात तापक दर सेकंदाला फक्त १४ मिलिसेकंद चालू होतो. त्याची सरासरी शक्ती सुमारे १४ मिलिवॅट भरते. तोच घट आता एका दिवसाऐवजी सुमारे २७ दिवस पुरेल. तापवायचा भाग अतिशय छोटा असल्यानेच हे जमते. तो पटकन तापतो आणि पटकन निवतो. विद्युत्-रासायनिक घटाला तर याहूनही कितीतरी कमी वीज लागते.

विजेच्या बचतीला भिवंडीत आणखीही अर्थ आहे. जानेवारी २००७ मध्ये येथील वीजवितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपवले गेले. त्याआधीच्या वर्षांतील भारनियमनाच्या आठवणी जुन्या कामगारांना असतील. केवळ भिंतीच्या विजेवर चालणारा संवेदक वीज जाताच मुका होतो. आणि बंद जागेत जनरेटर नेमका तेव्हाच सुरू केला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. ज्या घडीला इशारा हवा, त्याच घडीला यंत्र झोपलेले असणे परवडणारे नाही.

झोपेची किंमत

येथे दोन्ही अडचणी एकमेकींना भिडतात. एमक्यू-७ च्या वेळापत्रकाकडे पुन्हा पाहा. मापन घेतले जाते ते कमी तापमानाच्या टप्प्याच्या शेवटी. मग ६० सेकंद इतके तापवायचे कशासाठी? तर कमी तापमानात पृष्ठभागावर जमलेला ओलावा आणि इतर वायू जाळून टाकण्यासाठी. तो टप्पा म्हणजे संवेदकाची आंघोळच. वीज वाचवण्यासाठी ती गाळली, तर घट जास्त दिवस टिकेल, पण संवेदकावर पुटे चढतील आणि माप ढळेल.

दिवसभर बंद ठेवलेला संवेदक सुरू केला, तर त्याचे वाचन बराच वेळ उतरत किंवा चढत राहते. नवा संवेदक वापरण्यापूर्वी एक-दोन दिवस सतत तापवावा, असे उत्पादक सांगतात ते यामुळेच. दर तासाला दोन मिनिटे जागा होणारा संवेदक दरवेळी अर्धवट जागेपणी वाचन देतो.

विद्युत्-रासायनिक घटाचेही तसेच. त्याच्या इलेक्ट्रोडवरचा नियत विद्युतदाब तोडला, तर पुन्हा जोडल्यावर स्थिरावण्यास त्याला कित्येक तास लागू शकतात. गंमत अशी, की तो दाब टिकवायला लागणारी वीज अगदी नगण्य असते. वीज खातात ते यंत्रातील इतर भाग: हवा ओढणारा पंखा, संगणन करणारी चिप आणि सर्वांत जास्त म्हणजे माहिती पाठवणारा रेडिओ. म्हणून पहिला नियम असा: रेडिओला झोपवावे, पंख्याला झोपवावे, पण घटाचा दाब तोडू नये. वाचने साठवून तासातून एकदा पाठवली, तरी हवेच्या नोंदीत काही उणे राहत नाही.

गळतीच्या इशारायंत्राला मात्र ही सवलत नाही. गॅस काही मिनिटांतच खोली भरून टाकतो. तेथे दहा मिनिटांची झोपदेखील फार झाली. किती झोपायचे हे बॅटरीवरून ठरवायचे नसते. धोका किती वेगाने येतो यावरून ते ठरते.

पासंग आणि झीज

ढळ दुरुस्त करायला तराजूचीच युक्ती लागते. शून्य सरकले असेल तर तो पासंग. संवेदनक्षमता घटली असेल तर ती वजनाची झीज. दोन्ही शोधायला दोन ज्ञात मापे हवीत.

समजा, एका संवेदकाने शुद्ध हवेत १२ दाखवले आणि दशलक्षात ५० भाग कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेत ५२ दाखवले. पासंग झाला १२. उरलेले ४० हे खऱ्या ५० च्या जागी आले, म्हणून गुणक ५० भागिले ४०, म्हणजे १.२५. आता रस्त्यावर वाचन ३६ आले, तर खरे प्रमाण (३६ − १२) × १.२५ = ३०. नुसता पासंग काढून थांबलो असतो, तर २४ मिळाले असते आणि हवा होती त्यापेक्षा चांगली वाटली असती. या सगळ्या क्रियेला अंशशोधन म्हणतात.

प्रयोगशाळेत ज्ञात वायूचे सिलिंडर असते. खांबावर ते कोठून आणायचे? एक मार्ग असा, की स्वस्त संवेदक काही काळ सरकारी केंद्राच्या नेमक्या यंत्रांशेजारी ठेवायचा आणि दोघांची वाचने ताडून पाहायची. आपल्याकडे याचा एक चांगला अभ्यास झाला आहे. आयआयटी कानपूरचे प्रा. सच्चिदानंद त्रिपाठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसर आणि मुंबई येथे सहा उपकरणे नेमक्या यंत्रांच्या सोबतीला ठेवली. ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारे विद्युत्-रासायनिक घट त्यांत होते. दोन टप्प्यांत मिळून तीन महिने मापन चालले. दुसऱ्या टप्प्यात तीन उपकरणांच्या जागा बदलण्यात आल्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १ म्हणजे पूर्ण जुळणी मानली, तर दुरुस्तीनंतर ओझोनची जुळणी ०.९२ पर्यंत आणि नायट्रोजन डायऑक्साइडची ०.८२ पर्यंत गेली.

त्यांच्या शिफारशी शिक्षकांनी वर्गात जरूर सांगाव्यात. दुरुस्ती करताना तापमान आणि आर्द्रता हिशेबात घ्यावीच. आजच्यासारखी परिस्थिती पूर्वी कधी होती ते शोधून त्या दिवसांच्या आधारे दुरुस्ती करावी. सगळ्या ऋतूंना एकच सूत्र लावू नये. आणि संवेदकाला शिकवताना हवेचे जितके विविध नमुने दाखवता येतील तितके दाखवावेत. मुंबईचा पावसाळा पाहिलेला संवेदक दिल्लीच्या हिवाळ्यात गोंधळेल, हे उघड आहे.

स्वच्छ हवा आहे कोठे?

दुसरा मार्ग स्वस्त आणि फार प्रचलित आहे. रोज किंवा आठवड्यातून कधी तरी हवा स्वच्छ होतेच, असे गृहीत धरायचे. त्या काळातील सर्वांत कमी वाचन म्हणजे शून्य, असे यंत्राने आपले आपणच ठरवायचे. वर्गातील कार्बन डायऑक्साइड मोजणारी अनेक यंत्रे असेच करतात. आठवडाभरातले सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची हवा, म्हणजे दशलक्षात ४०० भाग, असे ती मानतात. बाहेरचे प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे, हा भाग वेगळा. रात्री आणि सुटीच्या दिवशी रिकाम्या होणाऱ्या वर्गात हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. सिलिंडर नको, माणूस नको, जादा वीजही नको.

पण हेच यंत्र दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालणाऱ्या मागांच्या गल्लीत लावले तर? समजा, त्या गल्लीत पहाटेच्या सर्वांत शांत वेळीही कार्बन मोनॉक्साइड दशलक्षात १ भाग असतो. यंत्र त्या १ लाच शून्य मानेल. पुढे एखाद्या दिवशी आठ तासांची खरी सरासरी २.५ झाली, तर ते १.५ दाखवील. राष्ट्रीय मानकानुसार आठ तासांची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे दशलक्षात सुमारे १.७५ भाग आहे. खरी हवा मर्यादेच्या बाहेर गेलेली असेल आणि यंत्राच्या पडद्यावर हिरवा रंग असेल. यंत्र बिघडलेले नसेल. त्याने नेमून दिलेले काम चोख केलेले असेल. चूक आपल्या गृहीतकात असेल. जेथे हवा सर्वांत जास्त वाईट, तेथेच हे गृहीतक सर्वांत जास्त फसते, आणि त्याची किंमत भिंतीपलीकडे झोपणारी मुले मोजतात. एखादा दुकानदार पारड्यात खडा ठेवूनच तराजू शून्यावर आणील, तर आपण त्याच्याशी भांडू. येथे भांडायला समोर कोणी नसते.

कोकणपट्टीला निसर्गाने एक सोय दिली आहे. ऐन पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोरदार वारा समुद्रावरची हवा आणतो आणि पाऊस ती धुऊन काढतो. शून्य पाहण्यासाठी ही वेळ बरी. पण तेव्हाच आर्द्रता सर्वाधिक असल्याने संवेदकाचे शून्यही ओलाव्याने हललेले असते. म्हणून आर्द्रतेची नोंद सोबत नसेल, तर पावसाळ्यातला पासंग हिवाळ्यात चालणार नाही.

झोपलेला जोडीदार

ढळ आणि बचत या दोन्हींना एकत्र सांभाळणारी एक युक्ती अवकाशातून शिकता येते. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो या यानावर सूर्याच्या किरणशक्तीचे मापक होते. सूर्यप्रकाशाने मापक हळूहळू खराब होणार, हे आधीच ठाऊक होते. म्हणून रोज काम करणाऱ्या मापकासोबत एक जोड मापक ठेवला गेला. त्याला क्वचितच सूर्य दाखवत. तो फारसा वापरात नसल्याने ताजा राहिला, आणि त्याच्याशी ताडून रोजच्या मापकाची झीज काढता आली.

वायुसंवेदकांतही दोन जुळी नाके ठेवता येतात. एक रोज काम करील. दुसरे आठवड्यातून एकदा जागे होईल आणि पहिल्याचा पासंग सांगेल. हे जमते, कारण हवेतील वायू मिनिटा-तासांत बदलतात, तर ढळ आठवडे आणि महिने घेते. जे सावकाश बदलते, त्याची तपासणीही सावकाश केली तरी चालते. मापन वारंवार, तपासणी क्वचित. तपासणीला लागणारी वीज त्यामुळे थोडीच राहते, आणि न वापरण्याने जी वीज वाचते तीच दुसऱ्या नाकाचा ताजेपणाही राखते.

या युक्तीलाही मर्यादा आहेत. थंड पडून राहिलेल्या टिन ऑक्साइडवर ओलावा बसतो, म्हणून जोडीदाराला वाचन घेण्याआधी पुरेसा वेळ तापवावे लागते. विद्युत्-रासायनिक घट तर वापरला नाही तरी सुकतो. म्हणून वर्षा-दोन वर्षांतून एकदा नेमक्या यंत्राशी गाठ घालून द्यावीच लागते. निरीक्षकाच्या शिक्क्याला पर्याय नाही.

वर्गात करून पाहा

अनेक शाळांच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत एमक्यू जातीचा एखादा संवेदक असतो. त्यावर दोन सोपे प्रयोग करता येतील. स्वयंपाकाचा गॅस किंवा धूर यांच्यासाठी मुळीच वापरू नये; नुसती खोलीतील हवा पुरे.

पहिला प्रयोग: रात्रभर बंद असलेला संवेदक सकाळी सुरू करा आणि तासभर दर मिनिटाला वाचन लिहा. आलेख काढा. वाचन स्थिर व्हायला किती मिनिटे लागली? दहाव्या मिनिटाचे वाचन खरे मानले असते, तर किती चूक झाली असती?

दुसरा प्रयोग: मे अखेरीस सुरू करून जुलैपर्यंत रोज एकाच वेळी, संवेदक पुरेसा तापल्यावर, वाचन घ्या. त्या वेळची आर्द्रता आणि तापमानही लिहा. पाऊस सुरू होताच आलेखाचे काय होते? हवा बिघडली, की संवेदक ओलावला? हे ठरवण्यासाठी आणखी कोणती माहिती हवी? या शेवटच्या प्रश्नावर मुलांना भांडू द्यावे.

आकडा दिसला, की त्यावर विश्वास बसतो. म्हणून हवेचे यंत्र पाहिल्यावर विद्यार्थ्यांनी आधी तीन प्रश्न विचारावेत: याने शून्य कशाला मानले आहे? याला नेमक्या यंत्राशेजारी शेवटचे केव्हा ठेवले होते? आणि हे केव्हा झोपते? सुताचा काटा पाहणाऱ्या गावाला हे प्रश्न अवघड जाऊ नयेत.